लेकीची लोहडी

पंजाबच्या दोआबा भागात डिसेंबर सरत आला की घरोघरी एक हिशेब सुरू होतो. वर्षभरात कुणाकडे मुलगा झाला, कुणाकडे सून आली. यातलं काही घडलं असेल त्या घरी १३ जानेवारीला पहिली लोहडी. अंगणात मोठी शेकोटी पेटणार, ढोलवाला येणार, आजोळहून बाळाला कपडे आणि बाळंतिणीला दागिना येणार, भाऊबंदांत भुईमुगाच्या शेंगा, रेवड्या आणि गुळाच्या भेल्या वाटल्या जाणार. गल्लीतली पोरं दारात येऊन गाणं म्हणणार आणि हात भरल्याशिवाय हलणार नाहीत. ‘यंदा लोहडी कुणाकडे?’ असं लोक एकमेकांना विचारतात, तेव्हा त्यात मुलगा धरलेलाच असतो. मुलगी झालेल्या घरीही त्या रात्री शेकोटी असतेच, पण ती दरवर्षीसारखी, घरच्या माणसांपुरती. ढोल येत नाही. निरोप धाडले जात नाहीत.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत पंजाबातल्या कॉलेजांनी या रीतीला हात घातला. ‘धीयां दी लोहडी’, म्हणजे लेकींची लोहडी, या नावाने कॉलेजच्या मैदानावर शेकोटी पेटू लागली. आसपासच्या वस्त्यांतल्या, कॉलेजच्या कर्मचाऱ्यांच्या घरच्या तान्ह्या मुलींना आयांसकट बोलावून त्यांची पहिली लोहडी विद्यार्थिनी साजरी करू लागल्या. आता जालंधर, अमृतसर, लुधियाना, पतियाळा, कुठेही जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात गेलात तर एखाद्या तरी कॉलेजात हे दिसेल. घरची लोहडी तेराला असते, म्हणून कॉलेजातली एक-दोन दिवस आधी उरकतात. ही लोहडी नेमकी कशी होते, कोण करतं आणि तिच्यामुळे काही हलतं का, हे बघायला मी जालंधरमधल्या मुलींच्या एका कॉलेजात गेले होते.

जानेवारीतलं जालंधर म्हणजे धुकं. सकाळी दहा वाजतासुद्धा कॉलेजच्या फाटकापासून मुख्य इमारत दिसत नव्हती. मैदानाच्या मधोमध विटांचं एक रिंगण मांडलेलं, शेजारी वाळूच्या बादल्या घेऊन कॉलेजचे माळी उभे. गोवऱ्यांची पोती येऊन पडली होती. शहरातल्या मुली त्या गोवऱ्या रुमालात धरून एकावर एक सपाट ठेवत होत्या. तेवढ्यात होस्टेलवरची एक मुलगी आली. होशियारपूरकडच्या खेड्यातली, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची. तिने रचलेलं सगळं पाडलं. आधी मधोमध वितभर जागा मोकळी सोडली, त्यात कापसाच्या वाळक्या काड्या उभ्या केल्या, मग भोवतीने गोवऱ्या एकमेकींच्या अंगावर तिरक्या टेकवत वर नेल्या. प्रत्येक थरात एके ठिकाणी बोटभर फट. वारा ज्या बाजूने येत होता तिकडच्या तळाला एक दार ठेवलं. जाड ओंडके सगळ्यात शेवटी, बाहेरून. हे सगळं तिने हाताला काहीही न गुंडाळता केलं आणि उठून सलवारीला हात पुसले. भुआने शिकवलं म्हणाली. भुआ म्हणजे आत्या. घरात शेकोटी रचायचं काम त्या आत्याकडे असायचं. पेटवायचं मात्र आजोबांकडे.

संध्याकाळी ती शेकोटी झटकन धरली.

लोहडी ही पौष महिन्याची शेवटची रात्र. दुसऱ्या दिवशी माघी, म्हणजे आपली संक्रांत. म्हणजे पंजाबात लोहडी पेटते त्या दिवशी आपल्याकडे भोगी असते. इकडे वांगी, वाटाण्याचे दाणे, ओला हरभरा, गाजर, बोरं, तीळ घालून भोगीची भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी. तिकडे मक्याची रोटी, सरसोंचा साग, वर लोण्याचा गोळा. तीळ दोन्हीकडे, गूळ दोन्हीकडे. पंजाबात या दिवसांत गहू अजून हिरवा असतो, त्याची कापणी बैसाखीला. शेतात सरसों फुललेली असते, जालंधरच्या आसपास बटाट्याची काढणी चालू असते आणि मुख्य म्हणजे ऊस तुटत असतो. रस्त्याच्या कडेला गुऱ्हाळं लागलेली असतात, तिकडे त्यांना वेलणा म्हणतात. कढईतला रस आटताना जो वास येतो तो कोल्हापूरच्या माणसाला वेगळा सांगायला नको. लोहडीच्या रात्री उसाच्या रसात तांदूळ शिजवून खीर करतात, ती रौहची खीर. रात्री करायची, झाकून ठेवायची आणि सकाळी थंडगार खायची, दह्याबरोबर. ‘पोह रिद्धी, माघ खाधी’ असं म्हणतात: पौषात रांधली, माघात खाल्ली. कॉलेजच्या मेसमध्येही ही खीर झाली होती. मेसच्या बाईंनी रस बाजारातून बाटल्यांत आणायला साफ नकार दिला आणि सकाळी माणूस पाठवून वेलण्यावरून डबे भरून आणवले. उभा राहिलेला रस काळा पडतो आणि खीर कडवट होते, हे त्या जाणून होत्या.

पिकाचा सण म्हणून लोहडीची ओळख याच रसामुळे, गुळामुळे आणि नव्या तिळामुळे. शेकोटीत जे टाकायचं तेही शेतातलं: तीळ, गूळ, रेवड्या, मक्याच्या लाह्या, भुईमूग. थंडी जावी आणि दारिद्र्य जळावं म्हणून.

आणि गाणं दुल्ला भट्टीचं. ‘सुंदर मुंदरिये’ हे गाणं पंजाबात शेंबड्या पोरालाही येतं. एकाने ओळ म्हणायची आणि बाकीच्यांनी ‘हो!’ करून आरोळी ठोकायची. गाण्यातला दुल्ला हा माणूस खरा. पिंडी भट्टियां हे त्याचं गाव, आज पाकिस्तानात. चिनाब आणि रावीच्या मधला हा मुलूख तेव्हा सांदल बार म्हणून ओळखला जायचा. अकबराच्या सारावसुलीविरुद्ध त्याच्या बापाने आणि आजाने बंड केलं आणि दोघांनाही मृत्युदंड झाला. मग दुल्लाही उठला. १५९९मध्ये त्याला लाहोरला फाशी दिली, त्याची कबर लाहोरच्या मियानी साहिब कब्रस्तानात दाखवतात. लोककथा पुढची आहे. सुंदरी आणि मुंदरी या दोन मुलींना अंमलदाराच्या तावडीतून दुल्लाने सोडवलं. त्यांचं लग्न कोण लावणार? भटजी येईना. मग रानात आग पेटवून त्या आगीच्या साक्षीने दुल्लाने स्वतः त्यांची लग्नं लावली, बाप होऊन पाठवणी केली आणि देण्याजोगं काही नव्हतं म्हणून शेरभर साखर पदरात घातली.

मुसलमान राजपुताने हिंदू मुलींच्या पाठवणीसाठी पेटवलेली ही आग शीख आणि हिंदू घरांत चारशे वर्षं आठवली जाते आहे. पण मला त्याहून जास्त अडतं ते दुसरीकडे. ज्या गाण्यात दोन मुली वाचल्याचा आनंद आहे, ते गाणं पिढ्यानपिढ्या मुलाच्या जन्मासाठी गायलं गेलं. गाणाऱ्यांत बायाही होत्या. त्यांच्यातल्या कितीजणींना हे खटकलं असेल, कुणी नोंदवून ठेवलेलं नाही.

पंजाबने मुली मारल्या, ही गोष्ट जुनी आहे. शीख धर्माची शिकवण याच्या नेमकी उलट. गुरू नानकांनी स्त्रीला हीन म्हणणाऱ्यांना सुनावलं, शीख रहित मर्यादा या आचारसंहितेत मुलगी मारणाऱ्याशी संबंध ठेवायला मनाई आहे. त्या माणसाला ‘कुडीमार’ असा शब्द आहे, आणि ज्या समाजाला अशा माणसासाठी शब्द लागतो तिथं तशी माणसं होतीच. इंग्रज सरकारने १८७०मध्ये स्त्री अर्भकहत्येविरुद्ध कायदा केला, तो ज्या प्रांतांत लागू झाला त्यांत पंजाब होता. शंभर वर्षांनी साधन बदललं. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला अमृतसरमध्ये गर्भजल तपासून मुलगा की मुलगी सांगण्याच्या उघड जाहिराती लागल्या. पुढे सोनोग्राफीचं यंत्र तालुक्याच्या गावी पोचलं.

२००१च्या जनगणनेत याचा आकडा आला. सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे देशात ९२७ मुली होत्या, पंजाबात ७९८. फतेहगढ साहिब जिल्ह्यात ७६६. गुरू गोविंदसिंगांच्या दोन धाकट्या मुलांना जिथं भिंतीत चिणलं, ज्या मातीत लोक आजही अनवाणी चालतात, त्या जिल्ह्यात देशातल्या सगळ्यात कमी मुली. त्याच वर्षी अकाल तख्तावरून स्त्रीभ्रूणहत्येविरुद्ध हुकूमनामा निघाला. नवांशहर जिल्ह्यात कृष्णकुमार नावाच्या उपायुक्तांनी २००५पासून जिल्ह्यातल्या गर्भवतींची संगणकावर नोंद ठेवायला सुरुवात केली आणि नोंद मध्येच तुटली की चौकशी लावली. बाईच्या खासगीपणात सरकारने इतकं शिरावं का, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि तो रास्त होता. पण भीती बसली.

कॉलेजांतली लेकींची लोहडी याच काळात मूळ धरू लागली. तिच्यामागे कुणा एकाचा हुकूम नव्हता. पंजाबी विभागातल्या, समाजशास्त्रातल्या, एनएसएसचं काम बघणाऱ्या प्राध्यापिकांनी आपापल्या कॉलेजात ती सुरू केली. मी गेले त्या कॉलेजातल्या एका ज्येष्ठ प्राध्यापिकेने मला सांगितलं की सुरुवातीला आयांना बोलवायला जावं तर सासवा दारातच विचारायच्या, मुलीची कसली लोहडी, नजर लागेल. मग त्यांनी युक्ती केली. घरच्या पुरुषालाच पत्र द्यायचं, कॉलेजच्या शिक्क्याचं, ‘आपल्या कन्येचा सत्कार आहे’ असं. शिक्का बघून बाप यायचे. फोटो काढून घ्यायचे. तो फोटो पुढे बैठकीत लागायचा.

मुलींच्या कॉलेजचा शिक्का जालंधरमध्ये वजनदार असण्याला मोठा इतिहास आहे. लाला देवराज या आर्यसमाजी गृहस्थांनी १८८६मध्ये या शहरात कन्या महाविद्यालय काढलं. मुलगी शिकली तर विधवा होईल, असं लोक तोंडावर म्हणत. देवराजांनी मुलींसाठी क्रमिक पुस्तकं स्वतः लिहिली, गाणी रचली, बाहेरगावच्या मुलींसाठी वसतिगृह चालवलं. स्वामी श्रद्धानंद हे त्यांचे मेहुणे. त्यानंतर सहा वर्षांनी फिरोजपूरला भाई तख्तसिंग आणि त्यांच्या पत्नी हरनामकौर यांनी शीख कन्या महाविद्यालय सुरू केलं. पुण्यात जोतीराव-सावित्रीबाईंनी १८४८मध्ये शाळा काढली तेव्हा त्यांच्या वाट्याला जे आलं, तेच तिकडे चाळीस वर्षांनी यांच्या वाट्याला आलं. या कॉलेजांतून शिकलेल्या बाया पुढे पंजाबभर मास्तरीण झाल्या. आज मैदानावर शेकोटी रचणाऱ्या मुलींपैकी पुष्कळजणींच्या आज्या-पणज्या त्यांच्या हाताखालून गेल्या असतील.

दुपारी दोनच्या सुमारास ऊन पडलं आणि मैदानाचा रंगच बदलला. एका कडेला ‘विरसा’ मांडला होता. आजकाल पंजाबातल्या कुठल्याही कॉलेजात सणाला हा देखावा असतोच: मातीची चूल, चरखा, सूप, बाज, पितळेचा हंडा, भिंतीला टांगलेली फुलकारी. मुली तिथं चरख्यापाशी बसून फोटो काढत होत्या. एकजण चाक उलटं फिरवत होती, मागून कॉलेजच्या झाडूवाल्या मावशी आल्या, तिचा हात धरला आणि पेळूतून सूत कसं ओढायचं ते दाखवलं. पहिल्या दोन वेळा तुटलं. तिसऱ्या वेळी हातभर निघालं. मुलीने फोन बाजूला ठेवला आणि पुन्हा पेळू उचलला.

मग गिद्धा. भांगडा महाराष्ट्राला सिनेमाने ओळखीचा केला, गिद्धा तितका नाही. हा बायकांचा नाच. रिंगण करायचं, दोघी मध्ये यायच्या, एकीने बोली म्हणायची. बोली म्हणजे चार-दोन ओळींचं टोचणारं गाणं. शेवटची ओळ रिंगणाने उचलायची आणि टाळ्यांनी ती धावती करायची. मधल्या दोघी त्या टाळीवर नाचतात आणि बाजूला होतात, पुढच्या दोघी येतात. सासू, नणंद, फौजेत गेलेला नवरा, दारू पिणारा दीर, लांबचं माहेर, सगळ्यांची बोलीत हजामत होते. एरवी डोक्यावरचा पदर न ढळू देणारी बाई गिद्ध्यात सासऱ्याची नक्कल करते आणि सासरा ती ऐकून घेतो. भोंडल्यात, मंगळागौरीच्या फुगडीत आपल्या बायांनी जे बोलून घेतलं, ते इथं टाळीवर बोललं जातं.

कॉलेजांनी गिद्धा जपला, पण घोटूनही टाकला. गुरू नानक देव विद्यापीठाच्या आणि बाकीच्या विद्यापीठांच्या युवक महोत्सवांत गिद्ध्याची स्पर्धा असते. वेळ बांधलेली, पोशाख एकसारखे, रांगा आखलेल्या, परीक्षक समोर. तिथं गिद्धा देखणा होतो. रिंगण मात्र मोडून प्रेक्षकांकडे तोंड केलेली अर्धगोल ओळ होते आणि बाई बाईशी बोलत नाही, परीक्षकांशी बोलते. लोहडीच्या दिवशी स्पर्धेचा मोसम उलटून गेलेला असतो. स्पर्धेतल्या मुली त्या दिवशीही नाचल्या, पण त्यांच्यात ग्रंथालयातल्या बाई घुसल्या, होस्टेलच्या वॉर्डन घुसल्या, आणि रिंगण परत गोल झालं.

बोल्या नव्या होत्या. मुलींनी होस्टेलमध्ये बसून आदल्या आठवड्यात रचलेल्या. एकीत सोनोग्राफीच्या डॉक्टरला जाब होता. एकीत भावाला, की तुझ्या लोहडीला ट्रॅक्टरभर शेंगा आल्या, माझ्या वेळी आईने एक भेली लपवून खाल्ली, तिचा हिशेब दे. ही बोली जिने म्हटली तिला टाळी इतकी पडली की दोनदा पुन्हा म्हणावी लागली. मी तिला नंतर विचारलं, खरंच आईने लपवून खाल्ली का? हो म्हणाली. बाळंतपणानंतरच्या पहिल्या लोहडीला आईला गोड खावंसं वाटत होतं आणि घरात तिसरी मुलगी म्हणून सगळे गप्प होते. आईने हे तिला गेल्या वर्षी सांगितलं, मुलगी होस्टेलला निघताना.

मुख्य कार्यक्रम चारला. मंडपात बाज मांडून त्यांवर फुलकाऱ्या अंथरल्या होत्या आणि बाजांवर बायका तान्ह्या मुली घेऊन बसल्या होत्या. लोकरीच्या टोप्यांत गुंडाळलेली ती बाळं बहुतेक झोपलेली. विद्यार्थिनी एकेकीपुढे जात, बाळाच्या मुठीला गुळाचा खडा लावत, आईच्या ओटीत तीळ, रेवड्या, शेंगा आणि एक लोकरी झबलं घालत. झबली गृहविज्ञान विभागाच्या मुलींनी विणली होती. कॉलेजच्या पहारेकऱ्याच्या घरची नात होती, बाजूच्या वस्तीत राहणाऱ्या बिहारी मजुराची लेक होती. त्या मजुराच्या बायकोला लोहडी ठाऊकच नव्हती. आजूबाजूला बघत तिनेही शेंगा आगीत टाकल्या.

एका बाळाबरोबर आजी आली होती. सत्तरीची, पांढरी चुन्नी, हातात काठी. बाज रिकामी असूनही ती बसायला तयार नव्हती. प्राचार्यांनी तिला शेकोटी पेटवायला बोलावलं. दरवर्षी अशा एखाद्या आजीलाच बोलवायची या कॉलेजची रीत आहे, पाहुणे मंत्री असले तरी. आजी म्हणाली, हे काम पुरुषाचं. प्राचार्य म्हणाल्या, बीजी, इथं पुरुष फक्त माळीकाका आहेत आणि त्यांच्या हातात बादली आहे. आजीने काडी ओढली. विझली. दुसरी ओढून तिने खाली वाकून नेमकी वाऱ्याकडच्या दारात धरली. म्हणजे शेकोटी कुठून धरते हे तिला आयुष्यभर माहीत होतं.

या समारंभाने मुली वाचतात का? प्राध्यापिका स्वतःच म्हणतात, एकट्याने नाही. कायदा, तपासणी केंद्रांवरचे छापे, शिकलेल्या सुना, लहान झालेली कुटुंबं, या सगळ्याचा तो परिणाम. २०११च्या जनगणनेत पंजाबचा आकडा ७९८वरून ८४६ झाला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात जन्माच्या वेळचं प्रमाण २०१५-१६मध्ये ८६० होतं, २०१९-२१मध्ये ९०४. अजून कमीच आहे, पण चढतं आहे. मला वाटतं, सणाचं काम कायद्याच्या अलीकडचं आहे. मुलगी झाली म्हणून घरात जी शांतता पसरते, ती कायदा मोडू शकत नाही. ढोल मोडतो.

आणि पंजाबकडे बोट दाखवून आपल्याला मोकळं होता येणार नाही. गर्भलिंगचिकित्सेविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने केला, १९८८मध्ये, मुंबईतल्या स्त्री कार्यकर्त्यांनी आणि डॉक्टरांनी लढून मिळवलेला. केंद्राचा कायदा त्यानंतर सहा वर्षांनी आला. तो कागदावरच राहतोय म्हणून २०००मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या ‘सेहत’ आणि ‘मासूम’ या संस्थाही इथल्याच. आपल्याकडे संक्रांतीला बाळाचं बोरन्हाण होतं, आणि ते मुलाचंही होतं, मुलीचंही. काळं झबलं, हलव्याचे दागिने, डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, चुरमुरे. रीतीत भेद नाही. तरी २००१ ते २०११ या दहा वर्षांत पंजाबचा आकडा वर जात असताना महाराष्ट्राचा ९१३वरून ८९४वर घसरला. बीड जिल्ह्याचा ८९४वरून ८०७वर. त्या ऊसतोडीच्या जिल्ह्यात बोरन्हाणाचे करवे कमी नव्हते. ज्यांचं बोरन्हाण करायचं त्या मुलीच कमी होत्या. लातूर, बीड, जळगावच्या एखाद्या कॉलेजने पुढच्या संक्रांतीला आसपासच्या वस्त्यांतल्या सगळ्या तान्ह्या मुलींचं बोरन्हाण मैदानावर मांडलं, तर मला ते बघायला जायला आवडेल.

दोआब्यात मुलीची किंमत आणखी एका वाटेने वाढली, आणि तिच्याबद्दल कॉलेजात फारसं मोठ्याने कुणी बोलत नाही. ती वाट आयलेट्सची. इंग्रजीच्या या परीक्षेत चांगले बँड मिळवलेली मुलगी कॅनडाला शिकायला जायची आणि नवऱ्याला मागून बोलावू शकायची. त्यामुळे बँडवाली सून हवी अशी स्थळं आली. मुलाकडचे लोक मुलीच्या फीचा, तिकिटाचा खर्च उचलू लागले. जालंधरच्या बसस्थानकाच्या आसपास पाट्या वाचत चाला, कोचिंगची दुकानं संपत नाहीत. २०२४च्या जानेवारीत कॅनडाने विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा घातली आणि अशी कित्येक गणितं विस्कटली. मैदानावर माझ्याशी बोलणाऱ्या मुलींपैकी निम्म्याअधिक आयलेट्सच्या वर्गाला जातात. त्यातली एक स्पष्टच बोलली: बापाने आता माझ्यावर खर्च केला तो मी घराबाहेरचं तिकीट आहे म्हणून. लोहडी माझी हवी, तिकिटाची नको. तिच्या या रागाला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि तिलाही ते नको होतं. ती शेंगा सोलत होती, सोललेले दाणे शेजारच्या बाईच्या ओटीत टाकत होती.

या सगळ्या धामधुमीत एका बाईचं नाव मला कॉलेजातल्या इतिहासाच्या प्राध्यापिकेकडून ऐकायला मिळालं, आणि ते मराठी वाचकापर्यंत पोचायला हवं. लोहडीच्या दुसऱ्या दिवशी, माघीला, मुक्तसरला मोठी जत्रा भरते. १७०५मध्ये तिथल्याच खिदराणाच्या तळ्याकाठी मोगल फौजेशी लढताना पडलेल्या चाळीस शिखांची ती आठवण. हे चाळीसजण आनंदपूरच्या वेढ्यात गुरू गोविंदसिंगांची साथ सोडून घरी परतले होते. झबाल गावच्या माई भागो या बाईने त्यांची लाज काढली, स्वतः पुरुषी वेशात घोड्यावर बसली आणि त्यांना परत घेऊन गेली. लढाईत चाळीस पडले, ती जखमी होऊन जगली. पुढे गुरूंबरोबर ती दक्षिणेत आली, नांदेडला राहिली, आणि १७०८मध्ये गुरूंच्या निधनानंतर बीदरजवळच्या जनवाड्याला जाऊन तिथेच तिने देह ठेवला. नांदेडच्या हजूर साहिबच्या आवारात माई भागोचा बुंगा, म्हणजे तिच्या राहण्याची जागा, आजही आहे. दर वर्षी हजारो मराठी माणसं त्या आवारातून जातात. लेकींच्या लोहडीत या कॉलेजने गेल्या काही वर्षांपासून माई भागोचं छोटं नाटक घालायला सुरुवात केली आहे. यंदा भागोचं काम केलेली मुलगी घोड्याऐवजी माळीकाकांच्या सायकलवर बसून आली आणि मैदानाने तिला उभं राहून ‘जो बोले सो निहाल’ची साद दिली.

रात्री आठला मैदान रिकामं झालं. मेसमध्ये मी होस्टेलच्या मुलींबरोबर जेवले. शेकोटी रचणारी ती होशियारपूरची मुलगी ताटात रोटी तशीच ठेवून फोनवर भांडत होती. तिच्या भावाला ऑगस्टमध्ये मुलगी झाली आहे. परवा तेराला तिची पहिली लोहडी. घरी वहिनी तयार, भाऊ अर्धा तयार, घरातली मोठी बाई, बीजी, नाही. बीजीचं म्हणणं, वहिनीच्या माहेरच्यांना उगीच खर्चात कशाला पाडायचं, पुढच्या वेळी बघू. पुढच्या वेळी म्हणजे काय, ते मुलीला कळत होतं, आणि तिने ते फोनवर बीजीला चढ्या आवाजात विचारलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, बीजी, माहेरच्यांनी काही आणायचं नाही, शेकोटी मी रचते, ढोल माझ्या शिकवणीच्या पैशांतून. पलीकडून बराच वेळ काही ऐकू आलं नाही, मग बीजीने विचारलं की गूळ कुठून आणणार, बाजारातला पांढरा नको. मुलीने मेसच्या बाईंकडून वेलण्याचा पत्ता घेतला.

ढोलवाल्याला तिने माझ्यासमोरच फोन लावला. त्याने नेहमीचा प्रश्न विचारला: मुंडा होया? ती म्हणाली, कुडी. तो म्हणाला, रेट तोच पडेल, आणि सातच्या आत बोलवा, त्या रात्री मला आणखी चार घरं आहेत. आगाऊ पैसे तिने तिथेच पाठवले, आणि थंड झालेली रोटी सागात बुडवून खायला लागली.